स्टेम्पेलचं कुणी का ऐकलं नाही? अमेरिकेतलं ‘ट्वेंटी-वन’ क्विझ प्रकरण, १९५६ ते १९६२

५ डिसेंबर १९५६ ची रात्र, न्यूयॉर्क, एनबीसी या टीव्ही नेटवर्कचा स्टुडिओ, ‘ट्वेंटी-वन’ हा क्विझ कार्यक्रम चालू. काचेच्या बूथमध्ये हेडफोन लावून उभ्या असलेल्या हर्ब स्टेम्पेलला प्रश्न आला की १९५५ सालासाठी बेस्ट पिक्चरचं ऑस्कर कुठल्या सिनेमाला मिळालं. उत्तर ‘मार्टी’. हा सिनेमा त्यानं तीनदा बघितला होता, ब्राँक्समधल्या एका साध्या खाटकाची गोष्ट आहे ती आणि स्टेम्पेल स्वतः ब्राँक्सचा. तरी त्यानं कपाळ टिपलं, खूप विचार केल्यासारखं दाखवलं आणि ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असं उत्तर दिलं, जो आदल्या वर्षीचा विजेता होता. चुकला नाही तो, चुकायला सांगितलं होतं म्हणून चुकीचं बोलला. आणि सांगणारा होता कार्यक्रमाचाच निर्माता.

हे प्रकरण सांगताना लोक बहुतेक वेळा चार्ल्स व्हॅन डोरेनपासून सुरू करतात, म्हणजे त्या रात्री स्टेम्पेलला हरवणारा देखणा कोलंबिया युनिव्हर्सिटीवाला, तो कसा वर चढला आणि कसा कोसळला. ती गोष्ट आहेच. पण मला स्टेम्पेलचा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण हा माणूस १९५७ पासून सांगत होता की कार्यक्रम फिक्स आहे, मला उत्तरं मिळायची, मला हरायला लावलं, आणि दीडेक वर्ष कुणी मनावरच घेतलं नाही. बातमी कुणी छापेना, नेटवर्क दखल घेईना. लोकांना तर तो आधीपासूनच आवडत नव्हता. तो आवडू नये याची सोय ज्यांनी केली होती त्यांच्याच विरुद्ध तो बोलत होता, हा या सगळ्यातला खरा पेच.

आधी तो काळ समजून घ्यावा लागेल. १९५० मध्ये अमेरिकेत शंभर घरांमागे साधारण ९ घरांत टीव्ही होता आणि १९६० पर्यंत हा आकडा ८७ च्या आसपास गेला. म्हणजे दहा वर्षांत अख्खा देश संध्याकाळी एका खोक्यासमोर येऊन बसला. आणि कार्यक्रमाची मालकी आजच्यासारखी नव्हती. एक कंपनी अख्खा कार्यक्रम स्पॉन्सर करायची, तिची जाहिरात एजन्सी आणि बाहेरचा निर्माता मिळून तो उभा करायचे, नेटवर्क बऱ्याचदा फक्त वेळ विकून मोकळं. त्यामुळे साबणवाला, सिगारेटवाला, लिपस्टिकवाला हाच खरा मालक, आणि त्याला कार्यक्रम आवडला नाही तर पुढच्या सीझनला दुकान बंद. त्यात १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की बक्षिसं वाटणारे असे कार्यक्रम म्हणजे लॉटरी नव्हे, आणि मोठ्या पैशांचा रस्ता मोकळा झाला.

७ जून १९५५ ला सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ सुरू झालं. याचा मूळ रेडिओ कार्यक्रम होता त्यात सगळ्यात मोठं बक्षीस ६४ डॉलर, इथे सरळ हजारपट. स्पॉन्सर रेव्हलॉन, म्हणजे लिपस्टिक-सौंदर्यप्रसाधनांची कंपनी. पहिल्यांदा पूर्ण ६४,००० जिंकले ते एका मरीन कॅप्टननं आणि त्याचा विषय काय तर स्वयंपाक! पुढे जॉइस ब्रदर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई जिंकल्या, विषय बॉक्सिंग. फॉर्म्युला लक्षात आला असेल, ज्याच्याकडून जे अपेक्षित नाही तेच त्याच्या तोंडून काढायचं. १९५४ ते १९५६ या दोन वर्षांत रेव्हलॉनची विक्री दुपटीच्या वर गेली.

इथेही सगळं सरळ नव्हतंच. रेव्हलॉनचे लोक दर आठवड्याला निर्मात्यांबरोबर मीटिंगला बसायचे आणि कोण लोकांना आवडतोय, कुणाला आता घालवा, हे सांगायचे. त्यासाठी दरवेळी उत्तरं पुरवायला लागायची नाहीत, निवडीच्या वेळीच माणसाला काय येतं आणि काय येत नाही हे तपासलेलं असायचं, ठेवायचा असेल तर येतंय तेच विचारा, घालवायचा असेल तर येत नाही ते. ब्रदर्सबाईंनाही असंच घालवायचा घाट होता, मुद्दाम अवघड प्रश्न काढले, बाईंनी त्यांचीही बरोबर उत्तरं दिली आणि ६४,००० घेऊन घरी गेल्या. या सगळ्या चिखलात माझा आवडता किस्सा हाच आहे.

आता ‘ट्वेंटी-वन’. जॅक बॅरी आणि डॅन एनराइट हे दोघे भागीदार, बॅरी सूत्रसंचालक आणि एनराइट पडद्यामागचा कारभारी. स्पॉन्सर जेरिटॉल, म्हणजे लोहाचं टॉनिक, ज्याची जाहिरात ‘थकलेलं रक्त’ या नावाखाली चालायची. खेळ पत्त्यांच्या ब्लॅकजॅकवरून घेतलेला. दोन स्पर्धक वेगवेगळ्या साउंडप्रूफ बूथमध्ये, एकमेकांचं काही ऐकू येत नाही, १ ते ११ पॉइंटचे प्रश्न, जितके पॉइंट जास्त तितका प्रश्न अवघड, आणि आधी २१ ला पोचेल तो जिंकला. दोघांमधला फरक गुणिले ५०० डॉलर. बरोबरी झाली की पुढच्या डावात पॉइंटची किंमत आणखी ५०० नं वाढणार. आणि जुना विजेता हरला की त्याच्या आधीच्या कमाईतून वजा. कागदावर मस्त वाटतं.

१२ सप्टेंबर १९५६ ला पहिला भाग प्रामाणिकपणे खेळवला आणि तो पार झोपला. स्पर्धकांना उत्तरंच येईनात, एकामागून एक प्रश्न चुकायला लागले, बूथमध्ये दोन माणसं नुसती गोंधळून उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पॉन्सर भडकलेला, हे परत दिसता कामा नये. एनराइटनं नंतर स्वतःच सांगितलं की तिथून पुढे ठरवून खेळवायला सुरुवात झाली. इथे जरा थांबून विचार करा. सगळे म्हणतात हाव नडली, पण मला वाटतं मूळ घोटाळा खेळाच्या रचनेतच होता. सर्वसामान्य ज्ञानाचे खरोखर अवघड प्रश्न विचारले तर खऱ्या माणसाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि तीच गोष्ट स्पॉन्सरला चालत नाही. त्यामुळे एकतर प्रश्न सोपे करा, म्हणजे रुबाब गेला, नाहीतर उत्तरं आधी द्या. त्यांनी दुसरं निवडलं.

स्टेम्पेलनं पहिला भाग घरी बसून बघितला, त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याला येत होती म्हणून त्यानं पत्र टाकलं. माजी सैनिक, सिटी कॉलेजात शिकत असलेला, बायको-मुलासह क्वीन्समध्ये राहणारा. निवड चाचणीत ३६३ प्रश्न होते, त्यातले २५१ त्यानं बरोबर सोडवले. म्हणजे माणूस खरंच हुशार होता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या गदारोळात हरवून जाते. थोड्याच दिवसांनी एनराइट त्याच्या घरी आला, ब्रीफकेसमधून प्रश्नांची कार्डं काढली, त्याच्याबरोबर सराव केला आणि विचारलं की २५,००० डॉलर जिंकायला आवडतील का. कुणाला नाही आवडणार? मग एनराइटनं त्याचं कपाट उघडलं.

हा कपाटाचा भाग नीट बघण्यासारखा आहे. त्यातून एनराइटनं एक डबल ब्रेस्टेड सूट शोधून काढला, स्टेम्पेलच्या सासऱ्याचा, त्याला न बसणारा ढगळ. कॉलर झिजलेला निळा शर्ट. सैनिकासारखे बारीक कापलेले केस. हातात स्वस्तातलं घड्याळ, आणि तेही मुद्दाम टिकटिक ऐकू येईल असं, म्हणजे बूथमधल्या शांततेत टेन्शन वाढावं. सूत्रसंचालकाला कायम ‘मिस्टर बॅरी’ म्हणायचं, सलगी दाखवायची नाही. कपाळाचा घाम रुमालानं टिपायचा, पुसायचा नाही. कुठे ओठ चावायचा, कुठे श्वास जोरात सोडायचा हे सुद्धा ठरलेलं. आणि घाम यावाच म्हणून बूथचा एसी बंद! बायकोचं माहेर चांगलं खातंपितं असताना लोकांसमोर उभा राहिला तो कॉलेजची फी कशीबशी भरणारा, अवघडलेला, थोडासा चिडका, घामट माणूस.

म्हणजे खोटं फक्त उत्तरांपुरतं नव्हतं. बरीच उत्तरं तर त्याला तशीही आली असती. खरी बनवाबनवी केली ती त्याच्या व्यक्तिमत्त्वात. आधी लोकांना कौतुक वाटावं आणि मग हळूहळू कंटाळा यावा, कुणीतरी याला हरवावं असं वाटावं, असं पात्र तयार केलं होतं आणि स्टेम्पेलनं ते मन लावून वठवलं, कारण त्याला वाटत होतं पुढे टीव्हीवरच काम मिळेल, तसं आश्वासनही होतं. तो साधारण दीड महिना जिंकत राहिला. मग एनराइटनं सांगितलं, रेटिंग अडकलंय, आता तुझं जायचं आलं.

त्याच्या जागी आणलेला माणूस म्हणजे त्याचा बरोबर उलटा फोटो. चार्ल्स व्हॅन डोरेन, तिशीतला, उंच, देखणा, बोलण्यात नम्र, कोलंबियात इंग्रजी शिकवणारा, वर्षाचा पगार ४,४०० डॉलर. वडील मार्क व्हॅन डोरेन, पुलित्झर मिळालेले कवी आणि त्याच कोलंबियातले नावाजलेले प्राध्यापक, काका कार्ल व्हॅन डोरेन यांनाही चरित्रलेखनासाठी पुलित्झर, आई कादंबरीकार. घराण्याचं वजनच असं की त्याच्या तोंडून आलेलं प्रत्येक उत्तर पिढीजात वाटावं. एका बाजूला ब्राँक्सचा ज्यू पोरगा ढगळ सुटात, दुसऱ्या बाजूला हा. कुणाला जिंकवायचं हे प्रेक्षकांना सांगायची सुद्धा गरज नव्हती, ते आपोआप ठरलं.

त्याला गळाला लावलं निर्माता अल्बर्ट फ्रीडमननं. व्हॅन डोरेन म्हणाला की मला सरळ खेळू द्या, तर फ्रीडमननं सांगितलं ते शक्य नाही, स्टेम्पेलला फार येतं, तू टिकणार नाहीस, आणि हे सगळं शेवटी मनोरंजन आहे, असं सगळेच करतात. वर हेही की तुझ्यासारखा माणूस टीव्हीवर जिंकला तर शिक्षकांची, शिक्षणाची, ज्ञानाची देशात इज्जत वाढेल. पटण्यासारखा युक्तिवाद आहे हो! आपण चुकीचं करतोय ते चांगल्या कामासाठी, असं म्हणण्याची संधी मिळाली की सुशिक्षित माणूस ती बहुतेक सोडत नाही.

२८ नोव्हेंबर १९५६ ला दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले, बरोबरी, परत बरोबरी, पॉइंटची किंमत वाढत चाललेली, देश श्वास रोखून. सगळी नुरा कुस्ती. ५ डिसेंबरला ‘मार्टी’चा प्रश्न आला. स्टेम्पेलनं आधी एनराइटला विनवलं होतं की निदान हा शेवटचा सामना तरी खरा खेळू दे, आणि हा प्रश्न तरी बदल, सगळ्या मित्रांना माहितीये मला हा सिनेमा किती आवडतो. एनराइट ऐकला नाही. स्टेम्पेल हरला, आणि व्हॅन डोरेन रातोरात राष्ट्रीय हिरो झाला.

पुढचे तीन-साडेतीन महिने नुसता उत्सव. व्हॅन डोरेनला शिकवलं होतं की प्रश्नाचे चार भाग असतील तर एक मुद्दाम सोडून पुढे जायचं, मग परत मागे येऊन तो आठवल्यासारखं करायचं, मध्येच डोळे मिटायचे. केबीसी बघितलेल्यांना हा उत्तर लांबवण्याचा खेळ ओळखीचा वाटेल, फरक एवढाच की इथे आठवण्याचा अभिनयच होता. फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर तो झळकला. ११ मार्च १९५७ ला व्हिव्हियन निअरिंग या वकीलबाईंकडून तो हरला, बेल्जियमचा राजा कोण हे सांगता आलं नाही म्हणून, अर्थात हेही ठरवूनच. एकूण कमाई १,२९,००० डॉलर. लगेच एनबीसीनं वर्षाला ५०,००० डॉलरवर तीन वर्षांचा करार केला आणि तो सकाळच्या ‘टुडे’ कार्यक्रमात कविता-विज्ञान-इतिहासावर बोलायला लागला. आणि त्याच वर्षी बॅरी-एनराइटनी आपले कार्यक्रम एनबीसीला वीस लाख डॉलरच्या वर किमतीला विकून टाकले. या विक्रीबद्दल फारसं बोललं जात नाही, पण म्हणजे आता माल नेटवर्कचाच होता.

स्टेम्पेलकडे काय राहिलं? ऑनस्क्रीन जिंकलेले ६९,५०० दिसत होते तरी आधीच्या समझोत्याप्रमाणे हातात आले ४९,५००, त्यातलेही बरेच बुडाले. टीव्हीवरचं काम मिळालं नाही. घरात टीव्ही लावावा तर समोर व्हॅन डोरेन. १९५७ च्या सुरुवातीला तो एनराइटकडे गेला, भांडला, बाहेर सांगेन म्हणाला. एनराइटनं काय करावं? गोड बोलून कामाचं आश्वासन दिलं, कार्यक्रमात मला कसलीही मदत मिळाली नाही अशा कागदावर त्याची सही घेतली आणि सगळं संभाषण गुपचूप टेप केलं.

तो वर्तमानपत्रांकडेही गेला. पत्रकारांना त्याचं बोलणं खरं वाटलं असेलही, पण एका माणसाच्या शब्दावर, तेही हरलेल्या माणसाच्या शब्दावर, देशाच्या लाडक्या प्राध्यापकाविरुद्ध छापायचं म्हणजे बदनामीचा खटला ठरलेला. पुरावा काय? काहीच नाही. बातमी पडून राहिली. आणि लोकांच्या डोक्यातला स्टेम्पेल कोण होता, तर तोच घामट, चिडका, मत्सरी वाटणारा माणूस. पात्र इतकं चांगलं वठलं होतं की ते उतरवता येईना.

बांध फुटला तो भलत्याच ठिकाणी. सीबीएसवर ‘डॉटो’ नावाचा एक कार्यक्रम होता, ठिपके जोडून चेहरा ओळखायचा. मे १९५८ मध्ये तिथे वाट बघत बसलेल्या एका राखीव स्पर्धकाला जिंकत असलेल्या बाईची वही सापडली आणि त्यात उत्तरं. त्यानं पानं फाडून घेतली. त्याला गप्प करायला पैसे दिले गेले, तरी शेवटी त्यानं स्पॉन्सरकडे आणि सरकारकडे तक्रार केली, आणि ऑगस्ट १९५८ मध्ये ‘डॉटो’ एकाएकी गायब झालं. आता फाडलेली पानं होती. मग त्याच महिन्याच्या शेवटी वर्तमानपत्रांनी स्टेम्पेलची गोष्ट छापली. एनराइटनं पत्रकार परिषद बोलावून ती जुनी टेप ऐकवली, बघा हा माणूस मला ब्लॅकमेल करत होता, याचं मानसिक संतुलन ठीक नाही, वगैरे. आणि बऱ्याच लोकांना तेव्हाही ते पटलं! व्हॅन डोरेननं ‘टुडे’वरून सांगितलं की मला कुणीही मदत केलेली नाही.

न्यूयॉर्कच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, फ्रँक होगनच्या ऑफिसनं ग्रँड ज्युरी बसवली, म्हणजे खटला भरावा का हे साक्षी घेऊन ठरवणारं नागरिकांचं मंडळ, तपास जोसेफ स्टोन या सहायकाकडे. इथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या, क्विझ फिक्स करणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता. कुठलाच कायदा मोडला गेलेला नव्हता. म्हणजे स्पर्धकांनी येऊन सरळ सांगितलं असतं की हो, उत्तरं मिळायची, तर कुणाचंही काही वाकडं होणार नव्हतं. पण निर्मात्यांनी सांगून ठेवलेलं की नाकारा, आणि प्रत्येकाला आपापल्या अब्रूची भीती, शिक्षक, वकील, प्राध्यापकाची बायको, कुणी गल्लीत हुशार म्हणून मिरवलेलं. स्टोनच्या अंदाजानं दीडशेच्या आसपास साक्षीदारांपैकी शंभरेक शपथेवर खोटं बोलले. गुन्हा नव्हता तिथे त्यांनी स्वतः तयार केला. १९५९ मध्ये ग्रँड ज्युरीचा अहवाल तयार झाला तर न्यायाधीश मिचेल श्वाइट्झरनी तो सीलबंद करून टाकला. असं सहसा होत नाही, आणि त्यामुळेच वॉशिंग्टनमध्ये कान टवकारले.

नंतर निघालेल्या ‘क्विझ शो’ या सिनेमामुळे लोकांना वाटतं की हे सगळं अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, तरुण तपासनीसानं, रिचर्ड गुडविननं, उकरून काढलं. गुडविन हुशार होताच पण तो आला तेव्हा स्टोननं महिनोन्‌महिने जमवलेलं सगळं तयार होतं. श्रेय वाटताना हा माणूस बहुतेक वेळा राहून जातो.

ऑक्टोबर १९५९ मध्ये काँग्रेसच्या, ओरेन हॅरिस अध्यक्ष असलेल्या उपसमितीपुढे सुनावणी सुरू झाली. स्टेम्पेलनं सगळं सांगितलं, सूट, घड्याळ, एसी, मार्टी, सगळं. पण माझ्या मते निकाल लागला तो जेम्स स्नॉडग्रास या चित्रकारामुळे. हाही ‘ट्वेंटी-वन’चा स्पर्धक, मे १९५७ मधला. त्याला मिळालेली उत्तरं त्यानं कार्यक्रमाच्या आधीच लिहून काढली आणि रजिस्टर्ड पोस्टानं स्वतःलाच पाठवली, आणि पाकिटं न फोडता ठेवून दिली! समितीसमोर पाकीट फोडलं तर आत प्रश्न, उत्तरं आणि अभिनयाच्या सूचना सुद्धा. स्नो व्हाइटच्या गोष्टीतल्या सात बुटक्यांची नावं सांगताना काही भराभर सांगायची, मग थांबायचं, मग ‘तो रागीट कोण बरं’ असं पुटपुटायचं, मग पुढची. एका प्रश्नाला एमिली डिकिन्सन हे बरोबर उत्तर येत असून चुकीचं इमर्सन सांग असं म्हटलेलं, तिथे त्यानं ऐन वेळी ऐकलं नाही आणि बरोबर उत्तर देऊन टाकलं. पोस्टाचा शिक्का कार्यक्रमाच्या तारखेच्या आधीचा. आता याच्यावर कोण काय बोलणार? स्टेम्पेल इतके दिवस जे तोंडानं सांगत होता तेच हे पाकीट सांगत होतं, पण पाकिटाला ढगळ सूट नव्हता.

व्हॅन डोरेननं समितीला आधी तार करून सगळं नाकारलं, मग काही दिवस तो गायबच झाला, समन्स घ्यायला सापडेना, आणि शेवटी २ नोव्हेंबर १९५९ ला समोर आला. कोलंबियात शिकवणारा माणूस, निवेदन सुंदर लिहिलेलं. गेल्या तीन वर्षांचा आपल्या आयुष्याचा प्रवाह उलटा फिरवता येत असेल तर आपण जवळजवळ काहीही द्यायला तयार आहोत अशा अर्थाची सुरुवात, मग सविस्तर कबुली. आणि मग काय झालं माहितीये, अध्यक्षांसकट अनेक सदस्यांनी त्याचं कौतुक केलं, किती धैर्यानं बोललात, वगैरे. कौतुकाच्या या ओळीत स्टीव्हन डेरुनियन हे न्यूयॉर्कचे सदस्य मात्र म्हणाले की तुमच्या बुद्धीच्या प्रौढ माणसानं खरं सांगितलं म्हणून त्याची पाठ थोपटावी असं मला वाटत नाही. त्यावर टाळ्या पडल्या.

ही तुलना टाळता येत नाही. एक जण दोन वर्षं खरं सांगत होता त्याला मत्सरी, वेडसर, ब्लॅकमेलर ठरवलं. दुसरा दोन वर्षं खोटं बोलला, ग्रँड ज्युरीपुढे शपथेवर सुद्धा, आणि पकडल्यावर खरं बोलला तर त्याचं धैर्य. १९५६ मध्ये एनराइटनं दोघांना जे कपडे घातले तेच १९५९ मध्ये काँग्रेसच्या सभागृहात अजून अंगावर होते. मला व्हॅन डोरेनचा राग येत नाही खरं तर, त्यानं किंमत मोजली, कोलंबियानं लगेच राजीनामा घेतला, एनबीसीनं काढून टाकलं, आणि कोलंबियातल्या विद्यार्थ्यांनी त्याला परत घ्या म्हणून मोर्चा काढला तरी काही उपयोग झाला नाही. पुढे बरीच वर्षं तो शिकागोत एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकात काम करत राहिला आणि या विषयावर दशकानुदशकं तोंड उघडलं नाही. राग येतो तो त्या टाळ्या-कौतुकाच्या सोयीस्करपणाचा.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनीही याबद्दल संताप व्यक्त केला. सप्टेंबर १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि क्विझ फिक्स करणं हा फेडरल गुन्हा ठरला. नेटवर्कवाल्यांनी आव असा आणला की आम्हीच फसलो, आणि त्याच जोरावर कार्यक्रमांचा ताबा स्पॉन्सरकडून स्वतःकडे खेचून घेतला. एका कंपनीचा अख्खा कार्यक्रम ही पद्धत आधीच महाग होऊन कमी व्हायला लागली होती, या प्रकरणानं तिला शेवटचा धक्का दिला, आणि पुढे एका कार्यक्रमात पाच-सहा कंपन्यांच्या जाहिरातींचे तुकडे विकणं हेच चालू झालं. म्हणजे घोटाळ्याचा फायदा कुणाला झाला असं विचारलं तर उत्तर जरा अस्वस्थ करणारं आहे.

आणि शिक्षा? जानेवारी १९६२ मध्ये व्हॅन डोरेन आणि आणखी नऊ स्पर्धकांनी शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा कबूल केला, त्यात निअरिंगबाई होत्या आणि ‘ट्वेंटी-वन’वर सगळ्यात जास्त, २,२०,५०० डॉलर जिंकलेल्या एल्फ्रिडा फॉन नार्ड्रॉफही. शिक्षा स्थगित ठेवली, तुरुंगात कुणी गेलं नाही, पण नावावर गुन्हा बसला तो स्पर्धकांच्या. स्टेम्पेलवर काहीच कारवाई झाली नाही कारण तो ग्रँड ज्युरीपुढे खोटं बोललाच नव्हता. पुढे त्यानं न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक खात्यात नोकरी केली.

बॅरी आणि एनराइट यांना अमेरिकेतल्या नेटवर्कनी बरीच वर्षं दाराबाहेर ठेवलं. मग १९७२ मध्ये बॅरीनं सीबीएसवर ‘द जोकर्स वाइल्ड’ सुरू केलं, नंतर एनराइटही येऊन मिळाला, आणि १९७८ मध्ये दोघांनी ‘टिक-टॅक-डो’ पुन्हा सुरू केलं, जे स्वतः १९५८ च्या चौकशीत सापडलेलं होतं. जेरिटॉलवाल्या कंपनीला क्विझ प्रकरणात काहीच झालं नाही. तिला दंड झाला तो १९७० च्या दशकात, फेडरल ट्रेड कमिशनच्या खटल्यात, टॉनिकच्या जाहिरातींत केलेल्या दाव्यांसाठी.